हल्ला-विरोध गल्ली

माझा स्वभाव तापट आहे. दूध उतू गेलं तर मी दुधावर ओरडते. जाफराबादहून शाळेच्या गावाला जाणारी जीप बारा माणसं भरल्याशिवाय हलत नाही, पण मी आत बसले असले की ड्रायव्हर अकरावरच चावी फिरवतो, इतकी माझी ख्याती आहे. एवढा राग रोज कुठं ना कुठं खर्च करूनही ज्या दिवशी तो खरोखर लागणार होता त्या दिवशी मला राग आलाच नाही. त्या दिवसाची गोष्ट सांगायची तर आधी भिंतींची सांगावी लागेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवते. एका हिवाळ्यात तालुक्याहून 'शब्दभिंत स्पर्धा' असा कागद आला. गावातल्या प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीवर एक इंग्रजी शब्द आणि त्याचा मराठी अर्थ रंगवायचा. पोरं शाळेत येता-जाता शब्द वाचतील, शेतातून येणाऱ्या बायामाणसांच्याही कानावर पडतील, आणि वर्षभरात गाव इंग्रजी बोलू लागेल असा त्या कागदाचा अंदाज होता. पहिल्या येणाऱ्या शाळेला ढाल मिळणार होती. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे हेडसर म्हणतात, निवृत्तीला आले होते आणि त्यांच्या खोलीतल्या कपाटावर ढालीपुरती जागा त्यांनी लगेच पुसून घेतली.

कागदासोबत शब्दांचे गट आले होते. कोण्या शहाण्यानं एखाद्या जाडजूड कोशाची प्रकरणंच्या प्रकरणं उचलून पाठवली होती. मारुतीच्या गल्लीला फळं दिली. तिथं सगळे खूश. शाळेमागच्या गल्लीला नातीगोती दिली. चार सुना असलेल्या एका घरावर 'सासू' आलं, तेव्हा चारही सुनांनी बाहेर येऊन भिंत बघितली आणि बराबर आहे म्हणाल्या. भाज्या संपल्या, अवयव संपले, पाळीव प्राणी संपले. शेवटी वेशीजवळची एक गल्ली उरली आणि एक गट उरला. गटाचं नाव होतं 'हल्ला व विरोध दर्शवणारे शब्द'.

मी तेव्हाच हेडसरांना म्हणायला हवं होतं की हा गट नको. पण पांढरा रंग डब्यातच वाळून गेला होता आणि लाल भरपूर उरला होता.

त्या रात्री कोश घेऊन बसले तर आणखी पंचाईत. अटॅक म्हणजे हल्ला. असॉल्ट म्हणजेही हल्ला. रेड म्हणजे धाड, कंसात हल्ला. ॲम्बुश म्हणजे दबा धरून केलेला हल्ला. पुढं अपोज, रेझिस्ट, डिफाय, तिन्हींच्या पुढं विरोध करणे. आपल्याकडे भांडणाला शब्द कमी आहेत असं नाही, पण आहेत त्यातले बरेचसे भिंतीवर लिहिता येत नाहीत.

माझी ही अडचण सोडवली त्याच गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळानं. त्यांच्या घरी आता शेती आहे, पण त्यांनी हयात मेंढरांमागं काढली. मी ओसरीवर बसून यादी जुळवत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "काय लिहून राह्यल्या बाई?" मी शब्द सांगितले. ते ऐकून म्हणाले, "हे समदे येगळे हायेत की. लांडगा एकला असला की दबा धरून बसतो. दोन-चार असले तं धाड घालतेत. आन कुत्रं पिसाळलं की हल्ला करतं, त्याचं काही ठरवलेलं नसतं." मी रेझिस्ट विचारलं, जमेल तसं समजावून. ते म्हणाले, "मेंढरू पाय रोवतं ना, तसं. ओढलं तरी येत न्हाई, पर मारीत बी न्हाई." मी निमूटपणे 'दाद न देणे' लिहून घेतलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला इंग्रजीतलं इतकं नेमकं कोणी शिकवलं नव्हतं.

सातवीच्या मुलींना घेऊन मी दोन दिवसांत गल्ली रंगवली. गडीमाणसं शेतात. घरी असलेल्या बायकांनी "काढा की" म्हटलं, चहा पाजला, अर्थ कोणी विचारला नाही. संध्याकाळी माणसं घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधून उतरले तर अर्धी गल्ली माझी वाट बघत उभी.

पहिले गृहस्थ ॲम्बुशवाले. हे दिवसभर आपल्या ओट्यावर बसून येणारा-जाणारा बघतात. "मी काय दबा धरून बसतो का? गुडघे दुखतेत म्हून बसतो," ते म्हणाले. मी सांगितलं की हे तुमच्याविषयी नाही, शब्दाचा अर्थ तसा आहे. ते म्हणाले, "मंग माह्याच भिंतीवर काहून?" याला उत्तर नव्हतं. म्हणून मी ओरडले.

दुसऱ्या घरावर इन्व्हेड आलं होतं, म्हणजे घुसखोरी करणे. त्यांच्या पायऱ्या रस्त्यात हातभर पुढं आल्या होत्या, हे मला आजवर दिसलंही नव्हतं. त्या घरच्या वहिनींनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की पायऱ्या आमच्याच हद्दीत आहेत, पाहिजे तर मोजून घ्या. तिसऱ्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले होते. घरच्यांनी असॉल्टवर गोधडी टांगून ठेवली. पाहुण्यांपैकी एकानं साहजिकच गोधडीचा कोपरा उचलला, 'अंगावर धावून जाणे' वाचलं आणि विचारलं, "हे मुलीबद्दल हाये का?" लग्न जमलं, पण त्या मुलीचं सासर अजून तिच्याशी जपून बोलतं म्हणे.

ही सगळी माणसं शहाणीसुरती. सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवरचा बारीक मजकूर वाचणारी. पण भिंत आपली आणि शब्द आपल्यावर, म्हणजे तो आपल्याचविषयी, यातून त्यांना कोणी हलवू शकलं नाही.

खरं प्रकरण पेटलं ते मानकऱ्यांमुळे. गावात पोळ्याला तोरणाखालून पहिली बैलजोडी त्यांची जाते, त्यांच्या मागं बाकीच्यांची, आणि कोण कितवा हे त्यांच्या आजोबाच्या आधीपासून ठरलेलं आहे. मानकरी म्हातारबाबा स्वतः फेटा बांधून शाळेत आले. त्यांना शब्दांच्या अर्थाचा राग नव्हता, क्रमाचा होता. हल्ला हा यादीतला पहिला शब्द. गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या पुतण्याचं घर, म्हणून मी तो तिथं काढला होता. त्यांच्या घराला रिटॅलिएट आलं होतं, उट्टे काढणे.

"पहिला मान आमचा, मंग हल्ला बी आमचा," ते म्हणाले. "आन उट्टं काढायचं म्हंजी आधी मार खाल्लेला पाहिजे. आम्ही कोणाचा मार खाल्ला, ते सांगा."

हेडसरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि तुमचं बिलकुल बराबर आहे म्हणाले. हेडसर सगळ्यांना बिलकुल बराबर आहे म्हणतात. त्या संध्याकाळी निंबाच्या पारावर बैठक बसली आणि ठराव झाला की आधीचे शब्द चुन्यानं पुसायचे आणि पोळ्याच्या क्रमानं नव्यानं वाटायचे. हेडसरांनी त्याला 'लोकसहभाग' असं नाव देऊन वहीत लिहून टाकलं, कारण लोकसहभागाला स्पर्धेत गुण होते.

मी पारावर यादी घेऊन बसले आणि रेशन दुकानावर गहू वाटावा तसे शब्द वाटत सुटले. ज्याला शब्द मिळेल तो शाळेच्या नोंदवहीत सही करत होता. हल्ला मानकऱ्यांना गेला. पुतण्याला काय द्यावं यावर बराच वेळ गेला, शेवटी त्यानं धाड घेतली. पंचायतीला पडलेल्या एका उमेदवारानं रायव्हल मागून घेतला, त्याला प्रतिस्पर्धी म्हणवून घ्यायचं होतं. ॲम्बुश मेंढपाळबाबांनी आपणहून घेतला. "आपल्याला लांडग्याचा राग न्हाई," ते म्हणाले. मुलीच्या घराला डिफेंड मिळाला, राखण करणे. एकानं विचारलं की यात थोडा नरम शब्द नाही का. मी म्हटलं, नाही. मग त्यानं वेढा घेतला, पण अक्षर बारीक काढा म्हणाला.

एनिमी कोणी घेईना. शत्रू हा शब्द मी तीनदा पुकारला. मानकरी म्हणाले, "शाळेवर काढा." हेडसरांच्या तोंडून मी पहिल्यांदा 'नाही' ऐकलं ते तेव्हा.

बायका पाराच्या खाली एका बाजूला उभ्या होत्या. त्यांच्यातून एक मावशी पुढं आल्या. गल्लीच्या टोकाला त्यांची एक खोली आहे. नवरा वारून बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, लोकांच्या शेतात कापूस वेचून खातात. शेजारी त्यांचा धाकटा दीर राहतो. मधली भिंत पाडून त्यांची खोली आपल्या घरात घ्यायची आणि रस्त्याकडून किराणा दुकान काढायचं, हे त्यानं गावभर सांगून ठेवलं होतं. वहिनीनं मागच्या पडवीत राहावं, दोन घास आपल्याकडं खावेत, असं त्याचं म्हणणं. पंचायतीच्या दप्तरात ते सगळं घर अजून मेलेल्या सासऱ्याच्या नावावर. मावशींकडं त्या खोलीचा म्हणून एक चिटोरा नव्हता, फक्त कुलूप होतं.

मावशींनी विचारलं, "माह्या भिंतीला कोणचा?"

मानकरी काही दुष्ट माणूस नाहीत. त्यांनी मावशींना नीट समजावून सांगितलं. "तुह्याकडं बैल न्हाईत. बैल न्हाई तं पोळ्यात नंबर न्हाई. नंबर न्हाई तं शब्द कुठून येणार?"

दीर म्हणाला, "तिची भिंत म्हंजी माझीच. माह्या शब्दात ती आली." त्याला रिबेल मिळाला होता, बंड करणे, आणि तो त्यावर खूश होता.

माना डोलल्या. मला ते विचित्र वाटलं, पण त्या संध्याकाळी सगळंच इतकं विचित्र चाललं होतं की त्यातलं हे वेगळं काढून बघावं असं सुचलं नाही. मला शेवटची जीप गाठायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी शाळेत आल्या. डोक्याला कापसाचे तंतू चिकटलेले, कमरेला वेचणीची ओटी तशीच.

"शत्रू उरलाय म्हनं," त्या म्हणाल्या. "मला द्या."

मी म्हटलं, "मावशी, तो चांगला शब्द नाही."

"नसू द्या. भिंतीवर असू द्या."

मी निघालेच. त्यांच्या रस्त्याकडच्या भिंतीला खिडकी नाही, त्यामुळं भरपूर जागा होती. स्टुलाचा एक पाय आखूड, तरी मी गावातली सगळ्यात मोठी अक्षरं तिथं काढली. मग नोंदवही उघडली. तालुक्याच्या नियमानं प्रत्येक शब्दाची नोंद करायची होती आणि त्यात एक रकाना होता 'भिंतमालकाचे नाव', त्यापुढं मालकाची सही. वहीच्या पानापानावर शाळेचा शिक्का. मी मावशींचं नाव लिहिलं. साक्षरतेच्या वर्गात त्या सही शिकल्या होत्या, एकेक अक्षर सुटं काढून त्यांनी ती केली.

"कोणच्या खान्यात हाये माझं नाव?" त्यांनी विचारलं.

"भिंतमालक," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि घाईनं परत वेचायला गेल्या. तेव्हा मला कळलं की त्यांना शब्द नको होता, हा रकाना हवा होता. पारावर बसलेल्या एवढ्या पुरुषांना आणि मला जे दिसलं नव्हतं ते त्यांना त्याच संध्याकाळी दिसलं होतं. कौतुकही वाटलं आणि माझ्या बी.एड.ची थोडी लाजही वाटली.

दीर चार दिवसांनी शाळेत आला, सोबत आणखी दोघं. आवाज चढवला नाही. तो हेडसरांना म्हणाला, "सर, ह्या वहीवर शिक्का हाये. उद्या ती हाच कागद पंचायतीत दाखवंल. तुम्ही तिला मालक केलं." तपासणी झाली की भोकरदनचा गवंडी येणार आहे, त्याला सांगून ठेवलंय, तोवर एवढं नीट करून द्या, असंही तो म्हणाला.

हेडसर त्याला बिलकुल बराबर आहे म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, आपला विषय इंग्रजी. घराचे वाद आपल्या अभ्यासक्रमात नाहीत." आणि त्यांनी खिशातला पेन काढून माझ्यापुढं धरला.

मी सुरुवातीला सांगितलं तो दिवस हाच. मला राग यायला हवा होता. जीप उशिरा सुटली तर मला येतो, खडू ओला असला तर येतो. त्या वेळी आला नाही. मी मावशींच्या नावावर आडवी रेघ मारली, वर दिराचं नाव लिहिलं, त्यानं सही केली. मनाशी म्हटलं की ही काही सातबाऱ्याची वही नाही, शाळेची आहे, हिला कोण विचारतं. इतकी शांत मी आयुष्यात कधी नव्हते. घरी गेल्यावर मात्र मी भाजीवर, नवऱ्यावर आणि टीव्हीवर ओरडले, आणि नवरा म्हणाला की आज काहीतरी झालेलं दिसतंय. मी काही झालं नाही म्हटलं. मी भ्याले होते, बदलीला भ्याले होते, गावातल्या लोकांना भ्याले होते, हे तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

तपासणीच्या दिवशी गल्ली लग्नघरासारखी नटली होती. प्रत्येक शब्दाखाली रांगोळी. हल्ल्याला मानकऱ्यांनी हार घातला होता आणि स्वतः फेटा बांधून शेजारी उभे होते. बाकीचेही आपापल्या शब्दाशेजारी धुवट कपड्यात उभे. तालुक्याहून तीन जणांची समिती गाडीतून उतरली. त्यांच्या प्रमुख साहेबांनी प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली की तुमचा शब्द कोणता.

"मी धाड."

"मी वेढा, साहेब. बारीक हाये, जवळ येऊन बघा."

"मी रायव्हल," पडलेला उमेदवार म्हणाला आणि त्यानं हात जोडले.

मेंढपाळबाबांनी ॲम्बुशचा अर्थ सांगताना लांडगा कसा वाऱ्याच्या उलट बाजूनं येतो इथपासून सुरू केलं आणि एका सदस्यानं ते सगळं लिहून घेतलं. मानकऱ्यांना साहेबांनी हल्ला म्हणजे काय विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पहिला नंबर." साहेबांनी पूर्ण गुण दिले. हेडसरांचा चेहरा ढाल मिळाल्यासारखा फुलला.

असं करत सगळे गल्लीच्या टोकाला आले. शत्रूच्या भिंतीला पाठ टेकून मावशी उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी वेचणी बुडवली होती. त्यांच्यापासून दोन हातांवर दीर उभा.

"ही भिंत कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," दोघं एकदमच म्हणाले.

साहेबांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. ते हसले आणि त्यांनी नोंदवही उघडली. "इथं तर यांचं नाव आहे," ते दिराकडं बघून म्हणाले. मावशींनी माझ्याकडं बघितलं. साहेब पुढं म्हणाले, "खाली काहीतरी खोडलेलं दिसतंय. मॅडम, खाडाखोडीचा एक गुण जाईल. आणि हा शब्दही तिरका गेलाय. ओळ सरळ नको का?"

लोक अजून सांगतात की बाई त्या दिवशी न्यायासाठी उभ्या राहिल्या. खरं ते सांगते. माझ्या ओळीला तिरकं म्हटलं म्हणून माझं डोकं फिरलं. त्या मोडक्या स्टुलावर उन्हात उभी राहून मी ती अक्षरं काढली होती. मी पुढं झाले आणि साहेबांच्या हातातून वही काढून घेतली.

"ओळ सरळ आहे," मी म्हटलं. "भिंत तिरकी आहे. आणि भिंत यांची आहे."

एकदा तोंड उघडल्यावर आत अडकलेलं सगळंच बाहेर आलं. मी म्हटलं की या लग्न होऊन आल्या तेव्हापासून या खोलीत राहतात, ही भिंत दर दिवाळीला याच सारवतात, पहिली नोंद बरोबर होती आणि ती खोडली ही चूक झाली. हेडसर मागून "मॅडम, मॅडम" म्हणत होते. मी दिराच्या नावावर रेघ मारली, वर तिसऱ्यांदा नाव लिहिलं, ते पुन्हा मावशींचं, आणि त्यांच्यापुढं पेन धरला. त्यांनी वही भिंतीला टेकवून पुन्हा तीच सुटी सुटी सही केली.

दीर म्हणाला, "हे चालनार न्हाई." मानकरी म्हणाले, "बैल न्हाईत तिच्याकडं." साहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांचं जेवण सरपंचांच्या घरी तयार होतं. नियम असा की प्रत्येक खाडाखोडीवर तपासणी अधिकाऱ्याची छोटी सही लागते. त्यांनी ती केली, सोबतच्या सदस्यानं बॅगेतून गोल शिक्का काढून मारला, आणि सगळे वरणबट्टी जेवायला गेले. आमच्या हातून एवढी मोठी गोष्ट झाली ती कोणाला तरी भूक लागली होती म्हणून.

स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. हेडसर माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी चहा घेणार का विचारलं आणि मी ओरडून हो म्हटलं.

गवंडी ठरल्याप्रमाणे आला. मावशी दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की ह्या भिंतीची नोंद साहेबाच्या वहीत शिक्क्यासकट आहे, तोडायची तर आधी त्यांना विचार. गवंड्यानं लाल अक्षरं वरपासून खालपर्यंत बघितली, सरकारी भिंतीला मी हात लावत नाही म्हणाला आणि दुपारच्या एसटीनं भोकरदनला परत गेला. पण दिरानं दुसरा गवंडी बघायला सुरुवात केली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात मावशी शाळेत आल्या. नोंदवहीच्या त्या पानाची झेरॉक्स मी त्यांना आधीच दिली होती. तिची घडी घालून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती. पंचायतीत अर्ज द्यायला चालल्या होत्या, खोली आपल्या नावावर करा म्हणून. मला वाटलं आभार मानायला आल्या असतील. मी खुर्ची पुढं केली. त्या बसल्या नाहीत.

"बाई, ह्यात माझं नाव खोडलेलं बी दिसतंय," त्यांनी कागद उघडून बोट ठेवलं. "ग्रामसेवक इचारंल, हे आधी कोणी खोडलं. काय सांगू?"

हेडसर पलीकडं हजेरी भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. हेडसरांनी सांगितलं, असं मी म्हणू शकले असते. दिराचं नावही घेता आलं असतं. दोन्ही खोटं ठरलं नसतं.

"मी खोडलं," मी म्हटलं. "माझं नाव सांगा."

"तुमचं नाव मला ठाव न्हाई," त्या म्हणाल्या.

मी त्या गावात नऊ वर्षं नोकरी करत होते. मी कागद त्यांच्या हातातून घेतला, उलटा केला आणि मागं लिहिलं की पहिली नोंद मी खोडली, ती खोडायला नको होती. खाली आद्याक्षरांची सही केली, रोज मस्टरवर करते तशी.

मावशींनी ती सही बघितली. "असं न्हाई," त्या म्हणाल्या. "पुरं लिव्हा. बापाचं, नवऱ्याचं, आडनाव, समदं. अर्धं नाव खोडायला सोपं जातं."

मी पुरं नाव लिहून दिलं. त्यांनी शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला.